रिफंड मिळाला, गाणं गेलं

मंडळी, या शनिवारी सिनेमा नाही, पुस्तक नाही, ट्रेकचे फोटोही नाहीत. आज भांडायचंय. आणि भांडण नेहमीसारखं मॅनेजरशी किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकशी नाही, तर आपल्यातल्याच काही रसिक, सुसंस्कृत, महिन्याच्या एक तारखेला खात्यात बऱ्यापैकी रक्कम पडणाऱ्या लोकांशी आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहाला उठायचंय ते उठतील. जुन्या लाखेच्या रेकॉर्डी, म्हणजे ७८ आरपीएमच्या तबकड्या, कुरिअरने मागवणं बंद करा. हवी असेल तर जाऊन आणा. जाणं खरोखरच अशक्य असेल तर आधी त्यातलं गाणं उतरवून घ्या आणि मगच खोका हलवा. यापैकी काहीच जमणार नसेल तर ती तबकडी तुमच्यासाठी नाही. तिला आहे तिथे राहू द्या.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? सांगतो.

माझं गाव परंडा. जिल्हा धाराशिव, जो माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर अजून उस्मानाबादच आहे. परंडा म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, आणि बऱ्याच लोकांना तोही आठवत नाही. त्यांच्या माहितीसाठी एक किस्सा. विजापूरला बुरुजावर जी प्रचंड 'मलिक-ए-मैदान' तोफ आहे ना, जिच्या तोंडाशी उभं राहून आपण सगळे फोटो काढतो, ती आधी आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. तेव्हाच्या अहमदनगरात १५४९ साली ओतलेली, वजन ५५ टनांच्या आसपास. १६३२ साली मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापूरला नेली. ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. तिच्या जोडीची 'कडक बिजली' नावाची दुसरी तोफ वाटेत नदीत बुडाली असंही सांगतात. म्हणजे ट्रान्झिट लॉस हा प्रकार तेव्हाही होता. पण सरळ रेषेतसुद्धा दीडशे किलोमीटरच्या वर अंतर असताना ५५ टनांचं धूड पोचलं.

आणि आज त्याच परंड्याहून, डांबरी रस्त्याने, जीपीएस लावलेल्या गाडीतून, बारकोड चिकटवलेल्या खोक्यातून दोन-सव्वादोनशे ग्रॅमची तबकडी पुण्याला धड पोचत नाही. दर दोन तासांनी आपल्याला मेसेज मात्र येतो, 'युवर पॅकेज इज ऑन द वे'.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझ्या टीममधल्या एका मित्राला (नाव कशाला घ्यायचं, वाचतोय तो) रेकॉर्डींचा नाद लागला. नाद चांगलाच आहे. त्याला कुठल्याशा व्हॉट्सॅप ग्रुपवर परंड्याच्या एका निवृत्त गुरुजींकडच्या चौदा तबकड्यांचा फोटो दिसला. मला म्हणाला, "अरे, तुझ्या गावच्या आहेत." मी म्हटलं, "थांब. दहा दिवसांनी मी दिवाळीला जातोच आहे, मांडीवर घेऊन येतो." पण पठ्ठ्याला दम कुठला! दुसरं कोणी घेऊन जाईल ही भीती. यूपीआयने पैसे पाठवले, कुरिअर बुक केलं, मोकळा झाला.

गुरुजींनी आपल्या परीने चांगलं बांधलं होतं. प्रत्येक तबकडीला वर्तमानपत्र, सगळ्यांना मिळून जुनं धोतर, आणि सगळं मिक्सरच्या खोक्यात. पाचव्या दिवशी खोका वाकडला पोचला. चौदातल्या नऊ फुटल्या होत्या. मित्राने खोका उघडतानाचा व्हिडिओ काढलाच होता (आजकाल लोक पार्सल उघडताना पंचनामा करतात). कुरिअरवाल्यांनी 'नाजूक वस्तूंची जबाबदारी नाही' म्हणून हात वर केले. मग याने गुरुजींकडे रिफंड मागितला.

गुरुजींनी त्याच संध्याकाळी पेन्शनच्या खात्यातून पैसे परत केले. पूर्ण चौदांचे. न फुटलेल्या पाचांचेसुद्धा.

दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो. म्हणाले, "पैशाचं काही नाही रे बाळा, ते दिले पाठवून. तेवढे तुकडे पाठवून दे म्हणावं त्याला. आबांच्या हातचं आहे." मी तिथूनच मित्राला फोन लावला. तुकडे सोसायटीच्या कचऱ्यात गेले होते. सुक्या कचऱ्यात, हे त्याने आवर्जून सांगितलं.

आबा म्हणजे गुरुजींचे वडील. त्यांनी या रेकॉर्डी बार्शीहून आणलेल्या. बार्शी आम्हाला अगदी जवळ, पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परंडा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मध्ये करोडगिरीचं नाकं, म्हणजे निजामाची जकात. त्या नाक्यावरून, बैलगाडीतून, खाचखळग्यांतून आबांनी रेकॉर्डी आणल्या त्या एकही न फोडता. का? कारण त्या त्यांनी स्वतः आणल्या. इतकं साधं उत्तर आहे.

फुटलेल्या नऊत बालगंधर्वांच्या दोन होत्या, मास्टर दीनानाथांची एक, हिराबाईंची एक. त्यांचं मला फार वाईट वाटत नाही. त्या इतर कोणाकडे तरी असतील, गाणी नेटवरही सापडतील. मला लागून राहिलीय ती एक लावणीची तबकडी. तिच्या लेबलवरचं गाणारणीचं नाव अर्धं उडालेलं. गुरुजींना चाल तोंडपाठ आहे, नाव आठवत नाही. मी फोटोत जेवढी अक्षरं दिसतात तेवढी घेऊन दोन रात्री शोधलं, काही मिळालं नाही. ती बाई एकदा कधीतरी एका भोंग्यासमोर उभी राहून तीन मिनिटं जीव तोडून गायली होती, आणि त्या गाण्याची मला माहीत असलेली एकमेव प्रत कचऱ्याच्या गाडीतून गेली. रिफंड मात्र मिळाला हं.

असो. आता जरा इंजिनियरिंगकडे वळतो, कारण नुसतं हळहळून काही होत नाही.

पहिली गोष्ट, ही वस्तू नक्की काय आहे ते समजून घ्या. बऱ्याच नव्या हौशी मंडळींचा समज असतो की रेकॉर्ड म्हणजे एलपी. एलपी व्हिनाइलची असते, थोडी वाकते, पडली तरी बहुधा टिकते. ती आली १९४८ साली. त्याच्या आधीच्या, आणि आपल्याकडे १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिलेल्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे तीच, पळस-बोर-कुसुमाच्या झाडावर किडे जी तयार करतात ती. पण तबकडीत लाख असते साधारण पाव ते एक तृतीयांश. बाकी सगळी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. म्हणजे थोडक्यात ही लाखेने चिकटवलेली दगडाची पातळ थाळी आहे. ती वाकत नाही, ती फुटते. आणि मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या टेम्पोत पडून राहिली तर मात्र वाकते सुद्धा. एकूण काय, दोन्हीकडून मरण.

गंमत बघा, पूर्वी पोस्टात विम्याचं पार्सल करायचं तर त्याला लाखेची मोहोर लावावी लागे. त्या लाखेने पार्सल सांभाळलं. आज त्याच लाखेची तबकडी पार्सलमध्ये घातली की सांभाळायला कोणी नाही.

दुसरी गोष्ट, कुरिअरचं गणित. लोक म्हणतात, "नीट पॅक केलं तर काही होत नाही." बरोबर आहे! नीट पॅक करायचं कसं तेही सांगतो. प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात. दोन तबकड्यांच्या मध्ये पन्हळी पुठ्ठा, तबकडीपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठा. म्हणजे खोका कडेवर आदळला तर मार पुठ्ठ्याच्या कडेला बसेल, तबकडीच्या नाही. सगळा गठ्ठा हलणार नाही असा घट्ट आतल्या खोक्यात. आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी किमान सात सेंटिमीटर भरण घालून. एका खोक्यात आठ-दहाच्या वर नको.

आता हिशोब करा. दहा इंची तबकडी म्हणजे २५ सेंटिमीटर. पुठ्ठे ३० चे. आतला खोका ३० बाय ३० बाय १०. बाहेरचा ४४ बाय ४४ बाय २४. कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानाचं वजन काढतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले साधारण ५०००. आलं ९.३ किलो. आत खरं वजन पॅकिंग धरूनही त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि हाच माल धोतरात गुंडाळून ३० बाय ३० बाय १५ च्या खोक्यात कोंबला तर आकारमानाचं वजन २.७ किलो, खरं वजन साडेतीन. दोन्हींत जे जास्त ते धरतात, म्हणजे साडेतीनचे पैसे.

दिसलं का? चांगल्या पॅकिंगला अडीच पटीहून जास्त दंड आहे! यात कोणी खलनायक नाही. कुरिअरवाल्याची गाडी जागेने भरते, वजनाने नाही, त्यामुळे त्याचं सूत्र त्याच्या जागी बरोबर आहे. विकणाऱ्याला भाडं परवडलं पाहिजे, त्याचंही बरोबर. घेणाऱ्याला 'शिपिंग फ्री' हवंय. सगळे आपापल्या जागी शहाणे, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे फुटलेली तबकडी. आपण सॉफ्टवेअरवाले रोज हेच बघतो की. प्रत्येक मॉड्यूलचं युनिट टेस्ट पास, आणि सिस्टिम झोपलेली.

तिसरी गोष्ट, 'फ्रजाइल'चं लाल स्टिकर. ते स्टिकर कोण वाचतं? कन्व्हेयर बेल्ट वाचत नाही. रात्री दोन वाजता हबमध्ये ट्रक रिकामा करणारा पोरगा, ज्याचा पगार मिनिटाला किती खोके यावर आहे, तो वाचत नाही, आणि वाचून करणार तरी काय? त्याच्या समोरच्या निम्म्या खोक्यांवर तेच स्टिकर असतं. पार्सलच्या पॅकिंगची जी साधी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, इस्टाची, तिच्यात दहा किलोच्या आतला खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात. कोपऱ्यावर, कडेवर, सपाट, सगळ्या बाजूंनी. म्हणजे पॅकिंगवाल्या जगाने मान्यच केलंय की खोका पडणार. फक्त आपण स्टिकर लावून तो पडणार नाही अशी आशा धरून बसलोय.

आणि नुकसानभरपाई? पोस्टाला नुकसानीच्या जबाबदारीतून सूट १८९८ च्या कायद्यात होती, २०२३ च्या नव्या पोस्ट कायद्यातही आहे. खाजगी कुरिअरच्या पावतीमागचा बारीक टाईप एकदा भिंग घेऊन वाचाच. करमणूक होईल.

पण समजा, उद्या भरपाई मिळायला लागली. पूर्ण, व्याजासकट. तरी माझं भांडण संपत नाही. खरं भांडण तर तिथेच सुरू होतं.

रिफंड ही कल्पना कुठल्या वस्तूंसाठी आहे? ज्या वस्तू पुन्हा मिळतात त्यांच्यासाठी. इअरफोन फुटला, पैसे परत, दुसरा मागवा. हिशोब मिटला. आपली पिढी या हिशोबात इतकी मुरली आहे की पैसे परत आले म्हणजे काही घडलंच नाही असं आपल्याला मनापासून वाटतं. माझा मित्र वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटलं की व्यवहार शून्यावर आला. पण शून्यावर आला तो फक्त त्याचा. गुरुजींचा नाही, आणि त्या लावणीवालीचा तर नाहीच नाही.

कारण या तबकड्यांचं मूळ बऱ्याच वेळा शिल्लक नाही. तबकडी ज्या धातूच्या साच्यावरून छापायची, ते साचे जुन्या काळातल्या कितीतरी गाण्यांचे आज नाहीत. म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली छापील प्रत हीच मूळ प्रत. ऑफिसात आपण एखादा डेटाबेस बॅकअप न घेता हलवू का? कोणी हलवला तर त्याला दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन येईल. आणि इथे, बॅकअप नसलेला एकमेव सर्व्हर आपण मिक्सरच्या खोक्यात घालून पाठवतो आणि वर ट्रॅकिंग नंबर मागतो!

अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं मुद्रित झालं नाही याबद्दल आपण दर मैफिलीच्या मध्यंतरात उसासे टाकतो. जे मुद्रित झालं त्याचं काय करतोय ते हे असं.

आता तुम्ही म्हणाल, लाखेची तबकडी आहेच नाजूक, कधीतरी फुटायचीच. तर थोडा इतिहास. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला. गौहर जानसकट अनेकांचं गाणं त्याने मुद्रित केलं, पाचशेहून जास्त मुद्रणं. कशावर? मेणाच्या चकत्यांवर. मेणाच्या! आणि कलकत्त्याला तेव्हा छापखाना नव्हता. ते सगळं मेण पेट्यांत घालून बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला गेलं, तिथे तबकड्या छापल्या, आणि त्या पुन्हा बोटीने भारतात आल्या. १९०८ साली सियालदाला कारखाना निघेपर्यंत हाच खेळ. म्हणजे आपल्या मुद्रित संगीताचा जन्मच मुळी नाजूक पार्सलातून झाला. मेणावर उमटलेला आवाज समुद्र ओलांडून पोचला, कारण पाठवणाऱ्याला माहीत होतं की ही चकती गेली तर गाणं गेलं. आजच्या आपल्या खोक्याला ना ती जाण आहे, ना ती पेटी.

आता तुमचे आक्षेप. मला ते माहीत आहेत, कारण मित्राने सगळे तोंडावर फेकलेत.

आक्षेप पहिला : "गावात राहिल्या असत्या तरी काय झालं असतं? कोणी भंगारात घातल्या असत्या." यात तथ्य आहे. माळ्यावर उंदीर आहेत, पावसाळा आहे, 'हा कचरा काढा' म्हणणारी पुढची पिढी आहे. माझ्याच चुलत्यांच्या घरून एक भोंगा पितळेच्या भावाने गेलाय. पण यावरून 'गावातून रेकॉर्ड बाहेर काढली पाहिजे' एवढंच सिद्ध होतं. 'कुरिअरने काढली पाहिजे' हे कुठून आलं? बुडणाऱ्याला बाहेर काढायचं म्हणून त्याला पुलावरून काठावर फेकत नाहीत. आणि खरं सांगायचं तर गुरुजींच्या माळ्यावर त्या सत्तर-ऐंशी वर्षं टिकल्या होत्या. कुरिअरमध्ये पाच दिवस.

आक्षेप दुसरा : "सगळं यूट्यूबवर आहे." सगळं नाही. जे आहे त्यातलं बरंचसं मोबाईल भोंग्यासमोर धरून केलेलं, नाहीतर खरखर काढायच्या नादात आवाजाचाही जीव काढलेलं. आणि नेटवर आहे म्हणजे सुरक्षित आहे हे निदान आपण तरी म्हणू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या कितीतरी ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने बंद होत्या. एवढी मोठी संस्था! कुणा हौशी माणसाच्या चॅनेलचं काय घेऊन बसलात.

आक्षेप तिसरा : "एवढा वेळ कुणाला आहे?" वा! तुमच्याकडे हरिश्चंद्रगडाला जायला वेळ आहे, काशीदला जायला आहे, मिसळ खायला नाशिकला जायला आहे. पुण्याहून परंडा दोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघालात तर दुपारचं जेवण गुरुजींकडे, आणि ते जेवायला घातल्याशिवाय सोडणार नाहीत. किल्ला बघा. त्यांच्याकडून ऐका की रेकॉर्ड कोणी आणली, कुठून, लग्नात कुठली वाजायची, कुठली वाजली की आजी उठून जायची. ही माहिती लेबलवर नसते. कुरिअरने तबकडी येते (आलीच तर), तिची हकीकत येत नाही. आणि जिला हकीकत नाही ती वस्तू संग्रहात नसते, नुसती कपाटात असते.

आक्षेप चौथा : "माझे पैसे, माझी तबकडी." कायद्याने मान्य. पण गाणं तुमचं नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो (कवी-संगीतकाराचे हक्क वेगळे, त्यांचं गणित वेगळं). म्हणजे गुरुजींच्या आबांच्या काळातली ही मुद्रणं खुद्द कंपनीच्या हातूनही सुटून सगळ्यांची झाली आहेत. तुम्ही फक्त शेवटचे राखणदार. राखणदाराने माल पोत्यात घालून भिरकावायचा नसतो.

असं नाही की चांगलं काही घडतच नाही. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या लोकांनी तबकड्या गोळा केल्याच, पण एकत्र बसून ऐकल्या, याद्या केल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढलं. मायकेल किनियर या संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची पुस्तकरूपाने केली. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांच्या योजनेतून 'यंग इंडिया' आणि 'ओडियन' या लेबलांच्या तबकड्यांच्या डिजिटल प्रती झाल्या. संग्राहक म्हणजे हा. माझ्याकडे किती आहेत हे सांगणारा नाही, कशात काय आहे हे सांगणारा.

तर करायचं काय? माझ्या मते एवढं करा.

एक. व्यवहार ठरवायच्या आधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. लेबल तर हवंच, शिवाय लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला बारीक नंबर. तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या मुद्रणाची प्रायमरी की. तबकडी उद्या गेली तरी निदान होती एवढं तरी कळेल.

दोन. स्वतः जा. नाही जमलं तर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर आणा. धाराशिव, बार्शी, करमाळ्याची अर्धी पोरं पुण्यात आहेत. दर शुक्रवारी रात्री एसटीने आणि ट्रॅव्हल्सने गावी जातात, रविवारी लोणचं, तूप आणि ज्वारीचं पीठ घेऊन परत येतात. तुपाची बरणी फुटत नाही, मग तबकडी का फुटेल? तबकड्या पिशवीत उभ्या ठेवा, मध्ये पुठ्ठे घाला, पिशवी मांडीवर. डिकीत नाही, सीटखाली नाही.

तीन. खूप लांबचा मामला असेल, जाणंच शक्य नसेल, तर तबकडी हलवायच्या आधी तिथेच गाणं उतरवून घ्या. एलपीची सुई लावू नका. ७८ ची खोबण रुंद असते, तिला साधारण तीन मिलची सुई लागते, एलपीची एकच्या आसपास. लोखंडी पिनेच्या जुन्या ग्रामोफोनवर तर हौसेखातर पुन्हा पुन्हा वाजवूच नका, दर वेळी खोबण झिजते. आधी खरखरीसकट कच्ची फाईल, २४ बिट, आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी. खरखर काढायचे प्रयोग प्रतीवर. मग दोन खोक्यांचं पॅकिंग, आणि आकारमानाचे पैसे तुम्ही भरा, विकणाऱ्याने नाही. ९.३ किलोचे. रडत भरा, पण भरा.

चार. फाईलची एक प्रत ज्याच्याकडून तबकडी घेतली त्याला द्या. पेन ड्राइव्हवर, व्हॉट्सॅपवर, कशीही. त्याच्या घरातलं गाणं त्याच्या घरात राहिलं पाहिजे.

पाच. एवढं करूनही फुटली तर तुकडे फेकू नका. लेबल राहतं, नंबर राहतो. आणि तुटक्या खोबणीचे सूक्ष्म फोटो काढून त्यावरून आवाज परत मिळवायचं तंत्र अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेलं आहे. आज ते तुमच्या-माझ्या आवाक्यात नाही. पण तुकडेच नसतील तर कधीच येणार नाही. आणि काही झालं तरी विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे रिफंड मागू नका. खोका पाठवायचं तुम्ही ठरवलंत, घाई तुमची होती.

हे सगळं जाचक वाटतंय? वाटू दे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एलपी जमवाव्यात, पुस्तकं जमवावीत, आगपेटीची लेबलं जमवावीत. छंदांना तोटा नाही. पण लाखेची तबकडी हा 'ॲड टू कार्ट'चा विषय नव्हे.

माझ्या मित्राने हा लेख वाचून मला ऑफिसात चहा पाजू नये. त्यापेक्षा एका शनिवारी सकाळी माझ्याबरोबर गाडीत बसावं आणि उरलेल्या पाच तबकड्या गुरुजींना परत नेऊन द्याव्यात. त्यांचे पैसे त्याच्या खात्यात परत आलेले आहेत, म्हणजे त्याच्याच हिशोबाने त्या आता त्याच्या नाहीत.

मी पुढच्या शनिवारी सहा वाजता निघतोय. एका पिशवीची आणि दोन माणसांची जागा आहे. रेकॉर्डर आणि तीन मिलची सुई घेतलीय, आणि गुरुजींनी ती लावणी निदान चाल म्हणून तरी गाऊन दाखवायचं कबूल केलंय. कोणाला यायचं असेल तर कळवा.